पांडुरंग गुरवाने राखलेला सलोखा

आंबेखणचा पांडुरंग गुरव भांडणाला भ्यायचा. सापाला नाही, पुराच्या पाण्याला नाही, भुताखेतांना तर नाहीच. पण दोन माणसांचे आवाज चढले की याच्या हातापायांतलं बळ जायचं. लोक हसायचे. म्हणायचे, हा गुरव कोंबड्यांच्या झुंजीतसुद्धा समेट करायला धावेल. हसणाऱ्यांचं काय जातं हो? भांडण मिटल्यावर मागे काय उरतं, ते पांडुरंगाने सहा वर्षं स्वतःच्या हाताने पेज भरवून पाहिलं होतं.

आंबेखण हा पेडणे तालुक्याचा शेवटचा गाव. गावाच्या डोक्यावर कातळाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, आणि सड्यापलीकडे माडशेत. आंबेखण गोव्यात, माडशेत महाराष्ट्रात. पण रवळनाथ दोघांचा एकच. देऊळ आंबेखणात आणि निम्मा मान माडशेतीचा, म्हणजे भांडणाला कारण शोधत फिरायला नको. गोवा सुटून पाचेक वर्षं झाली असतील, त्या दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे वस्त्र नेसवलेला देवाचा खांब, आधी कोणी उचलायचं यावरून दोन्ही गाव देवळाच्या अंगणात एकमेकांवर तुटून पडले. पांडुरंगाच्या थोरल्या भावाच्या, नारायणच्या, डोक्यात माडशेतीची काठी बसली. नारायण मेला नाही. मेला असता तर बरं, असं त्याची सख्खी आई म्हणायची. सहा वर्षं तो पडवीत बसून होता, तोंडातून लाळ गळायची, बायकोलाही ओळखत नव्हता. पेज भरवायची पांडुरंगाने, धुवायचं पांडुरंगाने. शेवटी तो गेला तेव्हा माडशेतीचे लोकही खांदा द्यायला आले आणि दोन्ही गाव गळ्यात पडून रडले. तिरडी खाली ठेवताना पांडुरंगाने मनाशी ठरवलं की आपण जिवंत असेतो या दोन गावांत काठी उचलू द्यायची नाही.

आणि तसं करणं त्याच्या हातात होतं. अगदी खरोखर हातात.

कौल लावायचं काम गुरवाचं. गावावर काही प्रश्न आला की पांडुरंग आंघोळ करून ओलेत्याने गाभाऱ्यात शिरायचा. पिटकोळीच्या दोन तांबड्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे. गावकर, म्हणजे गावाचा पहिला मानकरी, बाहेरून गाऱ्हाणं घालायचा, प्रश्न विचारायचा, आणि सगळा गाव श्वास रोखून बघत राहायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. पुढे वाद नाही, शंका नाही. कोर्टाच्या निकालावर अपील असतं, रवळनाथाच्या नाही.

आता पाकळी म्हणजे शेवटी पाकळीच. भरपूर ओली केली आणि अंगठ्याने दाबून बसवली की टिकते. नुसती टेकवली की गळते. पांडुरंगाच्या बापाला हे ठाऊक होतं, आज्यालाही असणार. पण त्यांनी कधी केलं नाही. पांडुरंगाने केलं. पहिल्यांदा केलं ते सड्यावरच्या काजूंच्या वादात. आंबेखणची पोरं कोयते घेऊन वर जायला निघाली होती आणि गावकराने कौल मागितला, "जावचा काय?" पांडुरंगाने उजवी पाकळी दाबून बसवली. डावी पडली. पोरांनी कोयते ठेवले. आठ दिवसांनी माडशेतीने स्वतःहून निम्मे काजू आणून दिले. पांडुरंगाला वाटलं, देवाला हेच हवं होतं, आपण नुसता हातभार लावला. माणूस पहिल्या खोटेपणाला असंच काहीतरी नाव देतो.

पुढे माडशेतीचा मानकरी सगुण राऊळ याने सड्यावर चिऱ्यांची खाण काढली. साल त्र्याऐंशी. सगुण राऊळ म्हणजे गोड माणूस. बोलायला लागला की मधात बोट बुडवल्यासारखं. खाण त्याच्या हद्दीत होती, तक्रार करायला तशी जागा नव्हती. पण सड्याच्या पोटातून आंबेखणची झर येत होती. खालच्या वाड्यातली बावीस घरं, पोफळीचं कुळागर, देवळाची तळी, सगळं त्या एका झरीवर. झरीशेजारीच राहायची कमलाक्षी, तरुणपणी विधवा झालेली, जिभेने तिखट. तिने पहिल्याच वर्षी देवळात येऊन सुनावलं.

"वरचो कातळ कापल्यार खाली पाणी येतला खंयसून? तुमी दादले विड्यो ओढीत बसा. घागर घेवन आमका जावचा आसा!"

आणि आंबेखणच्या हातात एक हुकमी पत्ता होता. माडशेतीला स्वतःचा रस्ताच नव्हता. चिऱ्यांचे ट्रक उतरायचे ते आंबेखणच्या वाटेने, आंबेखणच्या जमिनीतून. वाटेवर दोन माड आडवे टाकले की खाण बंद. गावकर होता विठ्ठल, शांत, म्हातारा, देवभोळा. तो म्हणाला, देवाला विचारू. दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेला दोन्ही गाव देवळात जमले आणि विठ्ठल गावकराने गाऱ्हाणं घातलं. वाट अडवायची असेल तर उजवा दे, बोलणी करायची असतील तर डावा दे.

पांडुरंगाच्या डोळ्यांसमोर नारायणची लाळ होती. डावी पाकळी पडली.

बोलणी झाली. आणि काय सुरेख झाली म्हणून सांगू! सगुण राऊळाने शाळेच्या खोलीला चिरे फुकट दिले. दुसऱ्या वर्षी देवळाच्या सभामंडपाला दिले. दसऱ्याला पहिलं पान पांडुरंगाला, नारळ पांडुरंगाला. "हो गुरव आसा म्हणान दोन गावांत सलोखो आसा," असं सगुण चारचौघांत म्हणायचा. पांडुरंगाची मान ताठ व्हायची. का होऊ नये? पेडण्याच्या बाजारात लोक त्याला थांबवून नमस्कार करायला लागले होते. त्याने सोयरीकही तिकडेच केली. मुलगा आत्माराम शिरगावच्या लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्याला माडशेतीची हर्षा करून आणली. सगुणच्या भावकीतली. पांडुरंगाचा हिशेब सरळ होता, आपली नातवंडं दोन्ही गावांची झाली की काठी उचलणार कोण? हर्षा सून म्हणून लाखात एक निघाली. सासू शेवंती तिच्यावाचून उंड्या पावाचा तुकडा मोडायची नाही. वर्षाने सुमन झाली, आणि पांडुरंग नातीला खांद्यावर घेऊन देवळात नेऊ लागला.

दर वर्षी खाण थोडी पुढे सरकायची. दर वर्षी कमलाक्षी ओरडायची. दर वर्षी कौल लागायचा आणि डावी पाकळी पडायची. सगुण हात जोडून म्हणायचा, "औंदाचा वर्स जाव दी, फुडल्या वर्सा खाण वयल्या बाजूक नेतंय." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. एकदा शेवंतीने जेवता जेवता विचारलं, "देव सारको डावोच कसो दिता?"  "देवाक विचार," पांडुरंग म्हणाला आणि ताटावरून उठला.

शहाऐंशी साल उजाडलं आणि सगळा गोवा भाषेवरून पेटला. पेडण्यात मराठीसाठी मोर्चे, तिकडे कोकणीसाठी मोर्चे, बसगाड्या बंद, रस्त्यावर झाडं आडवी. आंबेखणची पोरंही घोषणा देत पेडण्याला जायची. सगुण राऊळ मुद्दाम खाली आला आणि देवळात भाषण ठोकून गेला. तुमची-आमची भाषा एक, देव एक, रक्त एक. आंबेखणवर कोणी वाकडा डोळा केला तर माडशेत मागे उभी आहे. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यांनी गोवाभर वाटा अडवल्या, पण डोक्यावरच्या चिऱ्यांच्या ट्रकला रोज खुशाल वाट दिली. कमलाक्षी एकटी कपाळाला हात लावून बसली होती. "मेल्यांनू, भाषा पिवन तान भागता काय रे?" ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्याअखेर गोव्याला राज्य मिळालं. शाळेत पोरांना लाडू वाटले. सगुण राऊळाने निरोप धाडला, अभिनंदन. आणि त्या पावसाळ्यानंतर माडशेतीच्या मागच्या अंगाला सुरुंगांचे आवाज यायला लागले. दिवसातून दोनदा, तीनदा. भांडी हलायची. पांडुरंगाने हर्षाला विचारलं, तेव्हा ती माहेराहून येऊन आठच दिवस झाले होते.

"रस्तो करतत, मामा," ती म्हणाली. "सरळ बांद्याक उतरतलो. चार वर्सा काम चल्लाहा. आता सपत इला."

चार वर्षं! पांडुरंग ओटीवर खाली बसला. चार वर्षं आंबेखणने बोलणी केली आणि तेवढ्या वेळात माडशेतीने डोंगर फोडून स्वतःची वाट काढली. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर लोक त्याच दिवशी माड आडवे टाकायला धावले असते, आणि मग काठ्या. म्हणून तो गप्प राहिला. त्या दसऱ्याला देव पुन्हा डावा बोलला.

त्यानंतरच्या पौषात चिऱ्यांचे ट्रक आंबेखणातून उतरायचे बंद झाले. लोक खूश. म्हणाले, खाण बंद पडली वाटतं, सुंठीवाचून खोकला गेला. खाण बंद पडली नव्हती. ती खोल गेली होती. खड्ड्यात पाणी लागलं होतं आणि ते उपसायला सगुणने डिझेलचं इंजिन बसवलं होतं. रात्रंदिवस पाणी उपसून माडशेतीच्या ओढ्यात सोडत होते. ते पाणी कोणाचं, हे कळायला आंबेखणला फार वाट बघावी लागली नाही. माघात झरीची धार करंगळीएवढी झाली. फाल्गुनात थेंब. चैत्रात शेवाळ सुकून काळं पडलं. कुळागरातल्या पोफळी माना टाकायला लागल्या आणि बायका दोन मैलांवरून कळश्या आणू लागल्या, त्यांत शेवंती आणि हर्षाही. अपमानाने पांडुरंगाला भात गोड लागेना.

तो एकटाच वर गेला. सगुणने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, शेव दिली. अगदी पूर्वीसारखाच गोड. पांडुरंगाने हात जोडले. "इंजन बंद कर. पावसापर्यंत तरी. बावीस घरां आसत."

"माझ्या हातात काय रवला नाय, पांडुरंगा," सगुण म्हणाला. "खाण आता सावंतवाडीच्या ठेकेदाराक दिलंय. आनी तुमचा राज्य वेगळा झाला. गाऱ्हाणा घालूचा तर पणजीक घाला. पणजी आमच्या मुंबयक लिवतली. मुंबय कळवतली."

"आमी पाच वर्सा तुका वाट दिली!"

 सगुण खुर्ची पुढे ओढून, गुडघ्यावर हात ठेवून, आपुलकीने बोलला. "आमी नाय, पांडुरंगा. तू दिलंस. तुझो अंगठो उजव्या पाकळेर किती येळ रवता, ता माझ्या बापाशीन पयल्याच वर्सा बगल्यान. मरताना माका सांगून गेलो, ह्या गुरवाक जप. आमी जपलो. चाय घे, थंड जाता."

पांडुरंग घरी कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. ज्याला तो सलोखा म्हणत होता, त्याला वरच्या गावात पाच वर्षं काय म्हणत असतील, हे त्याच्या पावलापावलावर ध्यानात येत होतं. तो दोन दिवस अंथरुणाला खिळला. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

तोवर गावात वेगळंच शिजत होतं. माडशेतीला आपलं सगळं आधीच कसं कळतं? आपण वाट अडवणार नाही, एवढी खात्री असल्याशिवाय कोणी डोंगर फोडायला पैसा घालतं का? नक्की कोणीतरी घरभेद्या आहे. आणि एकदा घरभेद्या शोधायचं ठरलं की माडशेतीची लेक डोळ्यांत भरायला किती वेळ लागतो? हर्षा माहेरी जाते. हर्षाला रस्ता ठाऊक असणारच, तिने सांगितलं नाही. हर्षाच्या चुलत्याचं इंजिन. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी झाली. वैशाखातल्या एका सकाळी विठ्ठल गावकर स्वतः पांडुरंगाच्या दारात आला.

"तुझ्या घराचो विषय आसा म्हणान वायट वाटता," तो म्हणाला. "पण देवाक विचारूया. देव सांगात ता खरा. नाय सांगल्यान तर पोरीक कोण बोट लावचो नाय. मी आसंय."

नाही म्हणता आलं असतं? पांडुरंगाने आंघोळ केली. ओलेत्याने गाभाऱ्यात शिरला. बाहेर सगळा गाव, पोरांच्या हातांत काठ्या, बायकांच्या घोळक्यापासून हातभर लांब हर्षा, कडेवर तीन वर्षांची सुमन. आत्माराम शिरगावला. शेवंतीने सुनेचा दंड धरून ठेवला होता.

सोपं होतं. उजवी दाबून बसवायची, डावी नुसती टेकवायची. देव नाही म्हणेल आणि पोर सुटेल. पण पाण्यात बोटं बुडवताना पांडुरंगाला सगुणची खुर्ची आठवली आणि किळस आली. पुन्हा तेच करायचं? देवाच्या छातीवर, पुन्हा? हर्षाने काही केलेलं नाही हे त्याला ठाऊक होतं आणि देवालाही ठाऊक असणार. तर मग या एका वेळी देवाला बोलू द्यावं. त्याने दोन्ही पाकळ्या सारख्याच ओल्या केल्या, सारख्याच टेकवल्या आणि हात मागे घेतले.

विठ्ठल गावकराने गाऱ्हाणं घातलं. "गावाची गोष्ट वयर नेणारी हीच सून आसात, तर उजवो दी."

उजवी पाकळी पडली.

अंगणात एक आवाज उठला, बायकांचा.  पांडुरंग गाभाऱ्यातून जवळजवळ पडतच बाहेर आला.

"कौल खोटो!" तो ओरडला. "आयकात, कौल खोटो! आजचोच नाय, सगळे खोटे! पाच वर्सा मी पाकळी दाबून बसवतंय. देवान डावो कधी दिल्यानच नाय, मी दिलंय! सगुणाक ह्या ठाऊक होता. घरभेदो मी आसंय!"

 काही बायकांनी तोंडाला पदर लावला. विठ्ठल गावकर पुढे आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कणव होती.

"पांडुरंगा, सुनेसाठी जीव तुटता, समाजतंय. पण देवाची निंदा करू नको रे बाबा."

"बगा तर! आता दाखयतंय!" पांडुरंग पुन्हा आत गेला. "आता डावी पाडतंय. मी सांगतंय म्हणान डावी पडतली. बगा!"

त्याने उजवी पाकळी घेतली.  पाण्यात बुडवली, पुन्हा बुडवली, पाणी निथळायचं राहूनच गेलं, आणि अंगठ्याने दाबली. डावी नुसती टेकवली. सगळा गाव दारात गोळा झाला होता. उजव्या पाकळीखालून पाण्याचा ओघळ निघाला, देवाच्या छातीवरून खाली आला, आणि त्या ओघळाबरोबर पाकळी सरकत सरकत पायांशी येऊन पडली. डावी तिथेच होती.

इतक्या वर्षांत त्याचा हात कधी चुकला नव्हता.

"देवान दोनदा सांगल्यान," मागून कोणीतरी म्हणालं. कमलाक्षी होती ती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पांडुरंग खरं बोलतोय की काय, अशी शंकाही होती. पण तीसुद्धा याच देवळात वाढलेली. तिने नजर खाली घातली.

हर्षा पुढे आली. पांडुरंगाच्या पायांना हात लावला. "मामा, मी जातंय," एवढंच म्हणाली. शेवंतीने सुमनला घ्यायला हात पुढे केले, पोर आईच्या गळ्याला घट्ट बिलगली. घोळक्याने वाट करून दिली. ती सड्याच्या वाटेने चढू लागली, माडशेतीकडे, आणि शेवंती अंगणातच मटकन बसून रडायला लागली. पांडुरंग हर्षाच्या मागे धावला तर दोन पोरांनी त्याला धरलं. मारलं नाही, ढकललं नाही. देवाचा गुरव, म्हणून आदराने धरलं.

विठ्ठल गावकराने खांद्यावरचा पंचा सारखा केला. आता लोक त्याच्याकडे बघत होते. काठ्या हातात होत्या आणि झर कोरडी होती.

"बोलणी सोपली," तो म्हणाला. "वयर जावन इंजन फोडूचा काय, ता मात्र देवाक विचारूया. थंय आमचीय माणसां मरतली, तेंचीय मरतली. उद्यां सकाळी." मग तो पांडुरंगाकडे वळला आणि जुन्या सवयीने, पूर्ण विश्वासाने म्हणाला, "पाकळ्यो ताज्यो घेवन ये, पांडुरंगा. कौल तुकाच लावचो आसा."